पावलीत आठ फोटो

मिरज स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं. असलं यंत्र तुम्हीही कुठल्या ना कुठल्या स्टेशनवर पाहिलं असेलच. काचेमागे गरगर फिरणारी तांबडी-पांढरी चकती, लुकलुकणारे दिवे आणि पायाखाली लोखंडी पाट. कोल्हापूरला मामांकडे जाताना मिरजेला गाडी बराच वेळ थांबायची आणि आम्ही भावंडं त्या यंत्राभोवती घोटाळत राहायचो. तात्यांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) एकदाच, फार हट्ट केल्यावर, नाणं दिलं. यंत्राच्या पोटात खडखड झाली आणि खालच्या खाचेत पुठ्ठ्याचं तिकीट पडलं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पैशाच्या व्यवहारात जपून राहा, असं मला त्यात बजावलेलं होतं. मी तेव्हा चौथीत होते.

हे आठवलं मेलबर्नमध्ये. २०१९ साली मी आणि हे लेकीकडे गेलो होतो. त्या ऑगस्टमध्ये इकडे कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि मामांच्या घरात पंचगंगेचं पाणी शिरल्याचा फोन आला. माणसं सुखरूप होती. पण माझं कशात लक्ष लागेना, म्हणून लेक एका शनिवारी आम्हाला शहरात फिरवायला घेऊन गेली. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपाशी येऊन म्हणाली, "आई, इथं नाणं टाकायचं एक जुनं यंत्र आहे. चल, गंमत दाखवते." मला वाटलं वजनाचंच असणार. मी म्हटलं, "नको गं बाई, परदेशात येऊन वजन कशाला जगजाहीर करायचं?"

पण ते फोटोचं यंत्र होतं. लोखंडी कपाटाएवढी खोली, तिला गुडघ्यापर्यंत येणारा पडदा, आत एक गोल स्टूल. स्टूल फिरवलं की वरखाली होतं. समोर काळी काच. बाहेरच्या अंगाला नमुन्यादाखल लोकांच्या फोटोंच्या पट्ट्या, एकाखाली एक चार-चार, सगळे काळे-पांढरे. "आणि फोटोग्राफर कुठाय?" ह्यांनी विचारलं. लेक हसायला लागली.

मी आत जाऊन काय दिवे लावले ते शेवटी सांगते.

परत आल्यावर मी या यंत्राच्या मागेच लागले. चौतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे सनावळीशिवाय मला काही सांगता येत नाही. सांभाळून घ्या.

नाणं टाकलं की फोटो, ही कल्पना चांगलीच जुनी. १८८९ साली पॅरिसला जे मोठं प्रदर्शन भरलं, ज्यासाठी आयफेल टॉवर उभारला, त्याच प्रदर्शनात आंजालबेर नावाच्या फ्रेंच माणसानं असं यंत्र ठेवलं होतं. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत हँबर्गच्या कोनराड बेर्निटचं 'बॉस्को' आलं, ते पत्र्यावर फोटो काढून द्यायचं. प्रदर्शनातली गंमत यापलीकडे यातून फारसं काही झालं नाही. खरं यंत्र झालं ते पस्तीसेक वर्षांनी, आणि ते करणारा माणूस होता सैबेरियातला.

त्याचं नाव अनातोल जोसेफो. जन्म १८९४, गाव ओम्स्क. बर्लिनला फोटोग्राफी शिकला, बुडापेस्टला स्टुडिओ काढला, तोवर पहिलं महायुद्ध पेटलं आणि रशियाचा नागरिक म्हणून हा तिथं शत्रूच्या खात्यात जमा झाला. युद्ध संपलं तर मायदेशात क्रांती आणि यादवी. तिथून हा थेट शांघायला. तिथंही स्टुडिओच! १९२३ मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा यंत्राचा आराखडा त्याच्या डोक्यात पक्का होता. लोकांकडून अकरा हजार डॉलर उभे केले (त्या काळचे अकरा हजार बरं का) आणि सप्टेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'फोटोमॅटन' नावाचं दुकान थाटलं. पंचवीस सेंटचं नाणं टाकायचं, आठ फोटो काढून घ्यायचे, आठ मिनिटांत पट्टी हातात. पंचवीस सेंट म्हणजे डॉलरचा पाव हिस्सा, आपल्या भाषेत पावली. पावलीत आठ फोटो! पहिल्या सहा महिन्यांत २,८०,००० माणसं त्या दुकानात येऊन गेली.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी की, सुरुवातीला त्या यंत्रापाशी पांढरे हातमोजे घातलेला एक मदतनीस उभा असायचा. आता उजवीकडे बघा, आता डावीकडे, आता समोर, असं सांगायला. यंत्र आपसूक फोटो काढणार, तरी लोकांना 'इकडे बघा' म्हणणारं कोणीतरी लागत होतं. ती सवय मोडायला थोडे दिवस गेले असणार.

१९२७ मध्ये हेन्री मॉर्गेंथाऊ या बड्या असामीच्या पुढाकारानं काही गुंतवणूकदारांनी हे यंत्र दहा लाख डॉलरना विकत घेतलं. त्यातला निम्मा पैसा दानधर्माला देईन असं जोसेफोनं जाहीर केलं. यंत्र अटलांटिक ओलांडून इंग्लंडला गेलं, तिथं मात्र भलत्याच हाती पडलं. क्लॅरेन्स हॅट्री नावाच्या शेअरबाजारी गृहस्थानं ज्या कंपन्यांचा डोलारा उभा केला होता, त्यात एक फोटोमॅटनचीही होती. सप्टेंबर १९२९ मध्ये तो डोलारा कोसळला, खोटे रोखे बाहेर आले, आणि हॅट्रीला चौदा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा शेअरबाजार गडगडला. दहावीच्या मुलांना मी महामंदी इतक्या वेळा शिकवली, पण तिच्या उंबरठ्यावर हे फोटोचं यंत्र उभं होतं हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मुलं जरा तरी जागी राहिली असती.

आता यंत्राच्या पोटात काय होतं ते सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. आपल्या स्टुडिओत आधी निगेटिव्ह करायचे आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती. या यंत्रात निगेटिव्ह नावाची वेगळी वस्तूच नाही. फोटो सरळ कागदावर उमटतो. कागदाची पट्टी एका रसायनाच्या टाकीत बुडते, वर येते, दुसऱ्या टाकीत बुडते. पहिल्यांदा उमटलेलं उलटं चित्र रसायन धुऊन नेतं आणि उरलेल्या चांदीच्या क्षारांतून सुलटं चित्र काळं होत वर येतं. शेवटी पट्टी ओलसर अशी बाहेरच्या खाचेत पडते. म्हणजे ती एकच. हरवली की हरवली.

आणि पडदा. कुणीही बघत नाही, कुणी 'नीट बसा' म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर निघालेले शिपाई आणि त्यांच्या मैत्रिणी असल्या यंत्रांपुढे बसायच्या. ज्या जोड्यांना उजळ माथ्यानं स्टुडिओत जाऊन शेजारी शेजारी बसायची सोय नव्हती, दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्यासुद्धा, त्यांचेही फोटो या पडद्याआड निघाले आणि आता ते लोकांनी जपलेल्या पट्ट्यांतून पुढे येत आहेत. जॉन केनेडी आणि जॅकलिन यांची १९५३ सालची अशी एक पट्टी आहे. अध्यक्ष व्हायला त्यांना अजून सात-आठ वर्षं होती. १९६३ मध्ये अँडी वॉरहॉल या चित्रकारानं एथेल स्कल नावाच्या श्रीमंत बाईंचं चित्र करायला घेतलं. बाई नटूनथटून निघाल्या, त्यांना वाटलं चांगल्या स्टुडिओत नेणार. त्यानं नेलं नाण्याच्या यंत्राकडे आणि नाणी टाकत बसला! त्यातून छत्तीस चौकटींचं चित्र झालं. बाई त्यात हसताहेत, केस उडवताहेत, गॉगल सारखा करताहेत. आपल्याकडच्या कुठल्या बाईचे त्या काळात एका दिवसात एवढे फोटो निघाले असतील?

आपल्याकडे फोटो उशिरा आला असं मुळीच नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. पण फोटो म्हणजे कार्यक्रम होता, आणि फोटोग्राफर हा त्याचा यजमान. हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका. जत्रेत ताजमहालाचा नाहीतर विमानाचा रंगवलेला पडदा असायचा. आणि एक मिनिट कॅमेरेवाला असायचा, तो मला या यंत्राचा चुलतभाऊ वाटतो. त्याच्या लाकडी खोक्यातच रसायनाच्या बशा असत. खोक्याच्या अंगाला कापडी बाही शिवलेली, तीत हात घालून तो आतल्या आत कागद धुवायचा. तिकडे यंत्राच्या पोटात लोखंडी हात, इकडे माणसाचा. माणसाचा हात आपल्याकडे स्वस्त होता, म्हणून लोखंडी हाताची गरज पडली नसावी असं माझं मत.

आता आईची गोष्ट.

आईचा एकच फोटो निघाला. १९६२ साली, कोल्हापूरला धाकट्या मामांच्या लग्नात. मंडपाबाहेर भर उन्हात खुर्च्या मांडलेल्या, वऱ्हाडी तीन रांगांत. काळ्या फडक्याखाली डोकं घालून फोटोग्राफरनं बराच वेळ सगळ्यांना इकडे-तिकडे सरकवलं आणि फोटो एकदाच काढला. दुसरी काच म्हणजे दुसरे पैसे. फोटो आला तेव्हा मागच्या रांगेत मावशीशेजारी आई उभी, डोक्यावर पदर, ओठांवर थोडंसं हसू, आणि डोळे मिटलेले. सगळे हसले. आईही हसली. "मी झोपूनच लग्न लावलं," असं म्हणाल्याचं मला आठवतं. पुन्हा फोटो काढू या असं कुणाच्या मनातही आलं नाही. बाईमाणसाचा मुद्दाम फोटो काढायला निमित्त काय?

कोयनेचा भूकंप झाला १९६७ च्या डिसेंबरात. त्यानंतरच्या पावसाळ्यात आई गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. मी अठरा वर्षांची, कराडला बीएच्या पहिल्या वर्षाला. तेराव्याला फोटो हवा म्हणून तात्यांनी मामांकडून तो ग्रुप फोटो मागवून घेतला आणि मला बरोबर घेऊन आमच्या फोटोग्राफरकडे गेले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, फोटोवरून फोटो काढतो, मोठा करतो, शेजारची माणसं काढून टाकतो. मावशीचा खांदा थोडा मध्ये येत होता, त्याचा त्यांनी पुढे ढग केला. मग म्हणाले, "पण डोळे उघडावे लागतील, मास्तर. कसे होते वहिनींचे डोळे?"

तात्यांना सांगता येईना. वीस वर्षांचा संसार, पण डोळे कसे होते ते शब्दांत सांगायची वेळ कधी आली नव्हती. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्यासारखे."

फोटोग्राफरकाकांनी मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. बारीक कुंचला, काचेच्या बशीत काळा रंग. "समोर बघ बाळ, पापणी लववू नको." रडून रडून माझे डोळे सुजलेले. ते म्हणाले, "सूज मी काढून टाकतो, काळजी नको." काम त्यांनी मन लावून केलं, यात शंका नाही. बघणाऱ्याला आजही कळत नाही.

ती फ्रेम आमच्याकडे आहे. दर वर्षी तिथीला हार घालताना मी समोर उभी राहते, तेव्हा माझेच अठराव्या वर्षाचे डोळे माझ्याकडे बघत असतात. आईचे डोळे खरे कसे होते, हे आता मला आठवत नाही. थोरला भाऊ म्हणतो घारे होते. बहीण म्हणते छे, काळेभोर. त्या फ्रेमनं आमची आठवणसुद्धा रंगवून टाकली आहे. मूळ ग्रुप फोटो तेराव्यानंतर मामांकडे परत गेला. तो त्यांच्या ट्रंकेत होता, आणि ती ट्रंक २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेली. मेलबर्नला आलेला फोन त्याचा होता. लेकीला मी एवढंच म्हटलं की, जुने फोटो गेले.

या यंत्राचा इतिहास वाचताना एका ठिकाणी मी थबकले. पॅरिसमध्ये १९२९ च्या डिसेंबरात अतिवास्तववादी मंडळींच्या मासिकात एक पान छापलं गेलं. मधोमध मॅग्रीत या चित्रकाराचं एका विवस्त्र स्त्रीचं चित्र, आणि भोवती सोळा पुरुषांचे फोटो, फोटोमॅटनच्या यंत्रात काढलेले. आंद्रे ब्रेतों आहे, दाली आहे, बुन्युएल आहे. कोट-टायमधली ही सगळी नामांकित मंडळी, आणि सोळाच्या सोळा जणांनी डोळे मिटलेले. मुद्दाम! स्वप्नातलं जग उघड्या डोळ्यांपेक्षा खरं, असं त्यांचं म्हणणं. मी ते पान कितीतरी वेळ बघत होते. त्यांचे डोळे मात्र कुणी रंगवून उघडले नाहीत.

असो. मेलबर्नच्या त्या यंत्राकडे वळते. ते सांभाळणाऱ्या गृहस्थांबद्दल मला नंतर लेकीनं पाठवलेल्या बातम्यांवरून कळलं. अॅलन अॅडलर त्यांचं नाव. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पन्नासएक वर्षं ते शहरातली अशी यंत्रं चालवत होते. रसायनं बदलायची, कागद भरायचा, आणि यंत्र नीट चाललंय ना हे बघायला स्वतःच स्टुलावर बसून एक पट्टी काढायची. अशा त्यांच्या स्वतःच्या हजारो पट्ट्या साठल्या. काळे केस, मग करडे, मग पांढरे. २०१८ मध्ये स्टेशनच्या कामासाठी यंत्र हलवायची नोटीस आली तेव्हा लोकांनीच ओरड केली आणि यंत्र स्टेशनवर राहिलं. पुढे दोन तरुणांनी त्यांच्याकडून हे काम हाती घेतलं. अॅडलर २०२४ च्या डिसेंबरात गेले, वय ९२. दुसऱ्या वर्षी मेलबर्नला त्यांच्या पट्ट्यांचं प्रदर्शन भरलं. एका माणसाचे हजारो आणि एका माणसाचा एक, असा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला.

तर त्या शनिवारी लेकीनं माझ्या हातात दोन-दोन डॉलरची नाणी ठेवली. (तिकडे दोन डॉलरचं नाणं एक डॉलरच्या नाण्यापेक्षा लहान असतं, याचा मला शेवटपर्यंत घोळ झाला.) स्टूल फिरवून उंची जमवली, पडदा ओढला. आत रसायनाचा वास, कराडच्या त्या खोलीतल्यासारखाच. नाणी टाकली आणि काही कळायच्या आत लख्खकन उजेड पडला. मी तेव्हा काचेत कुठं बघायचं तेच शोधत होते. सावरून बसले, दुसरा पडला. मग तिसरा. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ह्यांनी पडद्यातून डोकं आत घातलं, "झालं का गं?" मला हसू फुटलं आणि चौथा.

बाहेर येऊन चार-पाच मिनिटं उभे राहिलो. यंत्र आतून घुरघुरत होतं. मग पट्टी खाचेत पडली, ओली. लेकीनं कडेला धरून वाऱ्यावर हलवली. पहिल्यात मी चोरासारखी कोपऱ्यात बघतेय. दुसऱ्यात शाळेच्या वार्षिक फोटोतल्या बाई. चौथ्यात तोंडभर हसतेय. आणि तिसऱ्यात माझे डोळे मिटलेले आहेत, ओठांवर थोडंसं हसू आहे.

"हा तिसरा कापून टाकू या का?" लेकीनं विचारलं. तिनं आजीला पाहिलेलं नाही, आणि तो ग्रुप फोटोही तिला आठवत नाही. ट्रॅम आली तरी मी पट्टी हातात धरून उभी होते.

पट्टी कापलेली नाही. स्कॅन करून द्यायचं नातवानं कबूल केलंय, दिवाळीत आला की बघू. तोवर ती आईच्या फ्रेमच्या कोपऱ्यात खोचून ठेवली आहे. जिवंत माणसाचा फोटो तिथं ठेवू नये म्हणून हे अधूनमधून कुरकुरतात. चौथ्या फोटोत कडेला त्यांचा अर्धा कान आलाय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.